पैजेचा भाव



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, शिवकाल यावा, फार तर नव्या बी-बियाण्यांविषयी दोन शब्द यावेत, असा रिवाज आहे. आम्ही सट्ट्यावर बोलणार असे कळताच एका स्नेह्यांनी हळूच विचारले, “बाजूने बोलणार की विरुद्ध?” आमचा तूर्त एवढाच विचार आहे, की ती वस्तू आहे तरी कशी ते उलगडून पाहावे. सट्टा वाईट हे सांगायला व्याख्याता लागत नाही. ते लावणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते निराळेच. तोच माणूस बाजारात मिरचीची पोती घेऊन जातो तेव्हा काट्यावरून नजर हलवीत नाही. अडत किती, हमाली किती, तोलाई किती, असा पैशापैशाचा जाब विचारतो. पैज लावताना मात्र आपल्या रुपयातून अडत किती कापली गेली, हे तो विचारीतच नाही. आमचे आजचे सारे बोलणे या अडतीविषयी आहे.

आपण विदर्भातली माणसे. तेव्हा द्यूताची गोष्ट निघाली की धर्मराजाआधी आपल्याला नळ आठवावा. दमयंती ही कुंडिनपूरची, म्हणजे आपल्या माहेरची. नळ पुष्कराशी फासे खेळला आणि राज्य हरला, एवढे सर्वांना माहीत असते. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आणि त्याला घेऊन विदर्भाकडे निघाला. वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने चालत्या रथातून त्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगितले. नळाने रथ थांबवला, झाड पाडून मोजून पाहिले, तो आकडा बरोबर! तेव्हा अश्वविद्या देऊन त्याने ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली. महाभारतकार सांगतात, की त्यानंतर कली त्याच्या अंगातून निघून गेला. पूर्वी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, म्हणून ते झाड तेथे आले आहे. आम्हांला या कथेत मौज वाटते ती अशी, की फाशांची विद्या म्हणजे मंत्र नव्हे, नवस नव्हे. ती मोजणीची विद्या आहे. आजच्या सट्ट्यातही ती विद्या जाणणारा एक मनुष्य असतोच. फक्त तो आपल्या बाजूला बसलेला नसतो, समोर वही घेऊन बसलेला असतो.

आता प्रथम आकडा घेऊ. कारण तो आपल्या कापसातून जन्मलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाचा जो उघडता भाव आणि बंद भाव असे, तो तारेने मुंबईस येई, आणि त्या भावातील शेवटच्या आकड्यावर लोक पैसे लावीत. कापूस पिकवणारा शेतात, विकणारा जिनात आणि आकड्यावर लावणारा गिरणीच्या फाटकाशी, अशी ती साखळी होती. हा नाद फार जुना. १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात जुगारघराची व्याख्या पाहिली तर तीत कापसाचा भाव येतो, त्या भावातील आकडे येतात, अफूचा भाव येतो, पाऊस पडेल की नाही हेही येते आणि किती पडला त्याचे आकडेही येतात. कायदा करणाऱ्यांनी आपल्या लोकांची बुद्धी किती ठिकाणी चालते याची यादीच करून ठेवली आहे म्हणा ना!

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे आकडे येणे थांबले. धंदा मात्र थांबला नाही. १९६२ मध्ये मुंबईत कल्याणजी भगत यांनी वरळीला, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी, आकडा आपणच काढण्याची पद्धत पाडली. आरंभी चिठ्ठ्या मडक्यात घालून काढीत, म्हणून मटका. पुढे मडके गेले आणि पत्ते आले, नाव तेवढे राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत त्याचा जोर ओसरला असे म्हणतात, पण तोवर तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला होता. टपरीच्या मागे चिठ्ठी फाडणारा मनुष्य कोणाला दाखवायला हवा असे आम्हांला वाटत नाही.

त्याची रीत अशी. उघडताना तीन पत्ते निघतात. समजा २, ५, ८ निघाले. बेरीज १५, तिचा शेवटचा आकडा ५, हा ‘ओपन’. बंद होताना पुन्हा तीन, समजा १, ४, ६. बेरीज ११, म्हणून ‘क्लोज’ १. दोन्ही मिळून जोडी ५१. तीन पत्त्यांच्या संचास पाना म्हणतात, कोणी पत्ती म्हणतात. आता पैजा पाहा. नुसता एक आकडा लावला आणि तो आला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. जोडी लागली तर नव्वद. तिन्ही पत्ते निराळे असलेला एकेरी पाना लागला तर एकशे चाळीस. दोन पत्ते सारखे असलेल्या दुहेरी पान्याला दोनशे ऐंशी, तिन्ही सारखे असतील तर सहाशे. ओपनचा पाना आणि क्लोजचा आकडा असा अर्धा संगम साधला तर हजार. आणि दोन्ही पाने बरोबर सांगितले तर तो पूर्ण संगम, रुपयाला दहा हजार! भाव गावोगावी थोडा इकडेतिकडे होतो, पण ठेवण हीच.

ऐकताना दहा हजारांचा संगम सर्वांत उदार वाटतो. आता काटा लावू या. दहा आकडे, त्यांतला एक येणार. प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावला तर दहा रुपये गेले, नऊ आले. अडत रुपयामागे दहा पैसे. जोड्या शंभर, मिळतात नव्वद, अडत तीच. पान्याकडे वळलो, की काटा हलू लागतो. प्रत्येक पत्त्याला दहाही आकड्यांची सारखी संधी धरली, तर तीन पत्ते हजार तऱ्हांनी निघू शकतात. त्यांत २, ५, ८ हा संच सहा तऱ्हांनी येतो, कारण क्रम पुढेमागे झाला तरी पाना तोच. म्हणजे हजारात सहा संधी आणि रुपयाला एकशे चाळीस. सरासरीने रुपयाचे परत आले चौऱ्याऐंशी पैसे. अडत सोळा. दुहेरी पान्याच्या हजारात तीन संधी, तेथेही तेच चौऱ्याऐंशी. तिहेरीची हजारात एकच, आणि मिळतात सहाशे. परत आले साठ पैसे. एकेरी पाना घेऊन केलेल्या अर्ध्या संगमातही साठच. आणि तो उदार पूर्ण संगम? हजारात सहा गुणिले हजारात सहा, म्हणजे दहा लाखांत छत्तीस संधी. त्यांना दहा हजारांनी गुणा. रुपयाला परत येतात छत्तीस पैसे. चौसष्ट पैसे अडत! इतकी अडत कापणारा अडत्या आपल्या बाजारात एक दिवस तरी टिकेल काय? लोक त्याची गादी रस्त्यावर आणतील. मटक्यात मात्र जो भाव सर्वांत जास्त लुटतो, त्याच्याभोवती सर्वांत जास्त गर्दी असते. आणि हे सारे पत्ते सचोटीने निघाले असे धरून. कोणत्या आकड्यावर किती पैसा आला हे काढणाऱ्याला आधी कळते की नाही, त्याचा विचार आम्ही सोडूनच दिला आहे.

येथे कोणी उठून म्हणेल, “साहेब, आमच्या गल्लीतला अमका जिंकला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला.” खरे आहे. तो जिंकणारच. एखादा मनुष्य रोज दहा रुपयांची एक जोडी वर्षातले तीनशे दिवस लावील, तर वर्षात निदान एकदा तरी त्याची जोडी लागण्याची शक्यता शंभरात पंचाण्णव आहे. सरासरीने तीन वेळा लागेल. तीन हजार गेले, सत्तावीसशे आले. त्यातही कोणाची एकदा लागेल, कोणाची पाच वेळा. आणि हिशेब केला तर वर्षाअखेर तिघांतला एक जण फायद्यात निघतो. हे ऐकून कोणी घाबरू नये. आम्ही मटक्याची जाहिरात करीत नाही. पण व्याख्याते लोक “यात कोणीच जिंकत नाही” असे सांगतात, ते ऐकणारा मनात हसतो, कारण त्याने जिंकलेला पाहिलेला असतो. तो तिसरा मनुष्य या धंद्याला हवाच असतो. त्याच्या पेढ्यांवर उरलेले दोघे पुढल्या वर्षी पुन्हा येतात. शिवाय जिंकलेले नव्वद तो घरी नेत नाही, पुन्हा लावतो. शंभर रुपये नव्वद टक्क्यांच्या चाळणीतून पुन्हापुन्हा फिरवले तर सरासरीने सातव्या फेरीअखेर अठ्ठेचाळीस उरतात आणि बाविसाव्या फेरीनंतर दहाही उरत नाहीत. चाळणीची भोके लहान आहेत म्हणून पीठ वाचत नाही. किती वेळा चाळले ते पाहावे लागते.

आकड्याचा नाद थोरल्यांचा. तरुणांचा नाद क्रिकेटचा. या धंद्यात आपल्या नागपूरचे नाव दूरवर घेतले जाते, हे काही भूषण नव्हे. सामन्यांचा मोसम आला, की एखाद्या सदनिकेत डझनभर मोबाईल घेऊन बसलेले लोक पोलिसांनी धरले, ही बातमी ठरलेलीच. येथील भाषा अशी, की भाव नेहमी वरचढ संघाचा सांगतात. ‘चाळीस-बेचाळीस’ म्हटले तर अर्थ असा: वरचढ संघावर ‘लगाई’ केली तर रुपया लावून चाळीस पैसे मिळतील, तोच संघ ‘खाल्ला’, म्हणजे तो हरेल असे म्हटले, तर बेचाळीस पैसे धोक्यात घालून रुपया मिळेल. आता बुकी एकाकडून लगाईचा रुपया घेतो, दुसऱ्याकडून खाईचे बेचाळीस पैसे. वरचढ संघ जिंकला तर पहिल्याला चाळीस दिले आणि दुसऱ्याचे बेचाळीस ठेवले. दोन पैसे उरले. हरला तर पहिल्याचा रुपया दुसऱ्याला दिला. काही गेले नाही. सामना कोणीही जिंको, त्याला रात्री झोप येते. हीच त्याची अक्षविद्या.

दोन पैसे म्हणजे अडत थोडीच, असे कोणी म्हणेल. म्हणूनच तेवढ्यावर धंदा थांबत नाही. पुढे ‘सेशन’ येते. सहा षटकांत किती धावा होतील, यावर भाव अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. ‘नाही’ म्हणणारा अठ्ठेचाळिसाच्या आत पाहिजे म्हणतो, ‘हो’ म्हणणारा एकोणपन्नास किंवा वर. दोघांनाही रुपयाला रुपया. आणि नेमक्या अठ्ठेचाळीस झाल्या तर? दोघेही हरले, दोन्ही रुपये वहीत. दोन आकड्यांमधली ती फट म्हणजे बुकीचे शेत. नांगर नाही, पाऊस नाही, पीक दर सहा षटकांनी. त्यापुढे अमका फलंदाज किती करील, पुढल्या चेंडूला काय होईल, अशा फुटकळ पैजा, ज्यांना ‘फॅन्सी’ म्हणतात. सामना तीन तासांचा, पण पैजा शेकडो. चाळणी किती वेळा हलवता येते, हे आता लक्षात आले असेल.

ही अक्कल आपल्याच लोकांची नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा दूरचा मावसभाऊ. तेथे मुख्य पैजा तीन. पहिली सरळ जिंकण्याची: वरचढ संघापुढे ‘उणे १५०’ लिहितात, म्हणजे दीडशे लावा आणि शंभर कमवा, दुबळ्यापुढे ‘अधिक १३०’, म्हणजे शंभर लावा आणि एकशे तीस कमवा. दोन्ही भावांतून निघणाऱ्या संधींची बेरीज केली तर साठ आणि साडेत्रेचाळीस, म्हणजे साडेएकशे तीन. शंभरावरचे ते साडेतीन म्हणजे अडत. दुसरी पैज दीड धावेची: वरचढ संघाने निदान दोन धावांनी जिंकले तरच पैज जिंकली. तिसरी दोन्ही संघांच्या एकूण धावांची, समजा साडेआठ. वर की खाली. अर्धी धाव कोणी काढीत नाही, म्हणून बरोबरी होत नाही. येथे फटीऐवजी भावातच अडत घेतात: एकशे दहा लावा तेव्हा शंभर मिळतात. सरासरीने शेकडा साडेचार गेले. आता यांपैकी तीन पैजांची साखळी बांधा, तिन्ही साधल्या तरच पैसे. खरी संधी आठात एक, पण रुपयाचे सातच्या आतबाहेर मिळतात. अडत साडेचारावरून तेरावर गेली. आमच्या संगमाचाच हा गोरा भाऊ! २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुना केंद्रीय प्रतिबंध रद्द ठरवल्यापासून बहुसंख्य राज्यांत ही पैज उघड आणि कायदेशीर झाली आहे. तेथे भाव छापील आहे, कर भरला जातो, दाद मागता येते. तरी साखळीची अडत तेरा ती तेराच.

खेळाचे काय होते तेही पाहू. १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपदाच्या सामन्यांत शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांच्या पैशासाठी मालिका हरल्याचा बोभाटा झाला. १९२१ मध्ये न्यायालयात ते सुटले, तरी खेळाच्या आयुक्तांनी आठ जणांना जन्माचे बाहेर ठेवले. मालिका हरायला आठ माणसे लागली. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून दिलेल्या चेंडूंवर नोबॉल टाकले. त्याला कर्णधार आणि दोन गोलंदाज पुरले, आणि २०११ मध्ये तिघेही इंग्लंडच्या तुरुंगात गेले. पैज जितकी बारीक, तितकी ती विकत घ्यायला स्वस्त. सबंध सामना विकणे कठीण. एक चेंडू विकणे सोपे. ‘फॅन्सी’वर पैसे लावणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कायद्याची थोडक्यात ओळख करून देतो. घोड्यांच्या शर्यतीवर, ठरलेल्या आवारात, पैज लावण्यास आपल्या राज्यात मुभा आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीत कौशल्य प्रधान मानले. तेथील सामाईक गंगाजळीतून किती कापायचे ते ठरलेले असते, म्हणजे अडत निदान सांगून घेतात. राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे. मटका आणि क्रिकेटचा सट्टा मात्र गुन्हा. अड्ड्यात सापडलेला खेळणाराही त्यात येतो. मोबाईलवरील पैशाच्या खेळांवर २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला आहे, आणि शिक्षा खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला व पैसे वळते करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

पण आम्हांला एका जुन्या कलमाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरवला आहे. जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. हे दोन्हीकडून खरे. बुकीने बुडवले तर तुम्ही जाऊ शकत नाही. तुम्ही बुडवले तर बुकीही जाऊ शकत नाही. मग हा मनुष्य पोरांना उधार कसा देतो? कारण त्याची वसुली कोर्टात होत नसते, उंबरठ्यावर होते. दोन माणसे घरासमोर येऊन नुसती उभी राहतात. बाप काही बोलत नाही, पण शेजारी पाहत असतात. आणि अब्रूच्या भीतीने तो बाप सावकाराकडे जातो. येथे जे घडते ते नीट पाहा. सकाळपर्यंत जे देणे कायद्याने शून्य होते, ते संध्याकाळी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटताच खरे कर्ज झाले. त्याला व्याज आहे, त्याला तारण आहे, आणि तारण म्हणजे बहुधा सात-बारा. मुलाने सहा षटकांच्या धावांवर जे लावले, त्याची किंमत दोन एकर मिरचीने चुकवायची. सातऱ्यावर दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या ज्या माउल्या आहेत, तिखटाने ज्यांच्या बोटांची आग आग होते, त्यांच्या मजुरीतूनही हेच चालते. त्यांना मात्र सर्वांत शेवटी कळते.

“शेती हा तरी जुगारच की!” असे एक वाक्य आपल्याकडे पारावर फार चालते. पाऊस बेभरवशाचा, मिरचीवर रोग, बाजारात भाव नाही. म्हणणाऱ्याचे दुःख खरे आहे. पण तुलना चुकते. भिवापुरी मिरचीला २०१६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, ते या मातीतून काही निघाले म्हणून. वाईट वर्षातही चार पोती निघतात, बी राहते, जमीन राहते. पैजेत मातीतून काहीच येत नाही. जेवढे एकाचे गेले त्यातून अडत वजा होऊन उरले ते दुसऱ्याचे. ज्याला जोखीम घ्यायची हौस आहे त्याने पिकावर घ्यावी, दुकानावर घ्यावी. तेथे निदान जोखमीला पीक येते.

तेव्हा घरात असे काही उघडकीस आले तर काय करावे, असे भगिनीवर्गातून विचारले जाते. आरडाओरड करण्याआधी एक कागद घ्यावा आणि देणी दोन रकान्यांत मांडावी: पैजेचे एकीकडे, सावकाराचे, बँकेचे, किराण्याचे दुसरीकडे. पहिल्या रकान्यातले दुसऱ्यात जाऊ देऊ नये. दमदाटी झाली तर ठाण्यात जावे. मुलगा दोषी असला तरी धमकी हा निराळा गुन्हा आहे. विनापरवाना सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि जमीन परत मिळण्याची सोय त्यात आहे. आणि मुलाचा नाद हाताबाहेर गेला असेल तर तो आजार समजून डॉक्टरकडे न्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारांचा विभाग आहे, तेथे जाण्यात कमीपणा नाही.

मंचाच्या डाव्या बाजूस शाळेतला फळा मागवून ठेवला आहे. पूर्ण संगमाचे छत्तीस पैसे कोणाला पटले नसतील, आणि काही तरुणांच्या चेहऱ्यांवरून ते पटले नाहीत असे दिसते, तर त्यांनी सभा संपल्यावर खडू घेऊन यावे. तीन पत्ते हजार तऱ्हांनी कसे निघतात तेथपासून पुन्हा मांडून पाहू.